पूर ओसरल्यावर घर: धुणे चार दिवसांचे, वाळवणे चार महिन्यांचे

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतले पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि नदीकाठच्या वस्त्यांतील अनेक घरे आठवडाभर पाण्यात उभी राहिली. दोन वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. ते तुलनेने लवकर उतरले, पण घराघरांत आणि दुकानांत चिखलाचा थर ठेवून गेले. हे दोन पूर दोन वेगळ्या जातींचे आहेत आणि घर सावरताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो. वेगाने येऊन वेगाने जाणारे पाणी वस्तू फेकते, दारे मोडते, जोत्याखालची माती ओढून नेते, पण भिंतीच्या गाभ्यात शिरायला त्याला फारसा वेळ मिळत नाही. आठवडाभर साचलेले पाणी शांत दिसते, मात्र ते विटेच्या, गिलाव्याच्या आणि लाकडाच्या आतपर्यंत मुरते, आणि ते बाहेर यायला दिवस नव्हे तर महिने लागतात.

२०१९ साली पाणी ऑगस्टच्या मध्याला उतरले आणि गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. घरात गणपती बसायचा म्हणून जेमतेम तीन आठवड्यांत भिंती घासून, पुट्टी भरून रंग देण्याची घाई समजण्यासारखी आहे, आणि त्या घाईमागच्या भावनेबद्दल मला आदर आहे. तरीही स्वच्छ दिसणारी भिंत आणि कोरडी भिंत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या लेखातून मला आग्रहाने सांगायचे आहे. पुढे दिलेला क्रम याच एका गोष्टीभोवती बांधलेला आहे.

उंबरठ्याच्या बाहेर थांबून

पाणी उतरल्याचे कळताच कुलूप काढून आत शिरू नये. आधी घराभोवती एक पूर्ण फेरी मारावी. भिंत कुठे फुगली आहे का, कोपऱ्यात तिरकी भेग गेली आहे का, जोत्याखालची माती वाहून पोकळी झाली आहे का, छपराची ओळ कुठे खचली आहे का, हे बाहेरूनच दिसते. दगड-मातीच्या किंवा मातीच्या विटांच्या जुन्या घरांबाबत विशेष सावध राहावे, कारण अशी भिंत पाण्यात असेपर्यंत दोन्ही बाजूंच्या दाबामुळे उभी राहते आणि पाणी उतरल्यावर, आधार गेला की बसते. बाहेरचा सिमेंटचा गिलावा शाबूत असला तरी आतील मातीचा सांधा विरघळलेला असू शकतो. पूर्वी सहज उघडणारे दार आता चौकटीत अडकत असेल, तर ते केवळ लाकूड फुगल्यामुळे आहे की भिंत हलल्यामुळे, हे अभियंत्याकडून किंवा निदान अनुभवी गवंड्याकडून तपासून घ्यावे. शंका असल्यास त्या खोलीत झोपू नये. दिवसा सामान काढण्यापुरतेही एकट्याने जाऊ नये.

तळघरात किंवा इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये पाणी साठले असेल, तर मोटर लावून ते एका दिवसात उपसू नये. बाहेरची जमीन पाण्याने तुडुंब असताना आतील पाणी एकदम काढले, तर बाहेरच्या दाबाने भिंत आत ढकलली जाते किंवा तळाची फरशी उचलली जाते. रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढावे, पातळीची खूण करून ठेवावी आणि रात्रीतून ती परत वर चढते का, ते पाहावे. चढत असेल तर जमिनीतील पाणी अजून उतरलेले नाही आणि थांबणे भाग आहे. सेप्टिक टँकही याच कारणाने लगेच उपसू नये.

विजेच्या बाबतीत कोणतीही सूट नाही. मीटर किंवा मेन स्विच पाण्यात गेला असेल, तर ओल्या पायांनी त्याला हात लावू नये. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवून खांबावरून किंवा मीटरपाशी पुरवठा तोडून घ्यावा. मेन बंद असला तरी घरातील इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी स्वतंत्रपणे प्रवाह देत असते, आणि छतावर सौर पॅनेल असतील तर उजेड आहे तोवर त्यांतूनही वीज येते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नये, कोणताही स्विच दाबू नये, दारे-खिडक्या उघडून बाहेर यावे आणि १९०६ या गॅसगळती मदत क्रमांकावर कळवावे. पाण्यात बुडालेला रेग्युलेटर आणि रबरी नळी धुऊन पुन्हा वापरू नये. एजन्सीकडून बदलून घ्यावी.

आत जाताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जाड रबरी हातमोजे आणि चेहऱ्यावर एन-९५ मास्क असावा. हातात काठी असावी, कारण गादीखाली, भांड्यांच्या मागे, कपाटाच्या तळाशी साप आसऱ्याला आलेले असतात. साप दिसला तर मारण्याच्या फंदात पडू नये, सर्पमित्राला बोलवावे. कोणाला दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, वर दोरी आवळू नये. दंश झालेला अवयव हलू न देता १०८ च्या रुग्णवाहिकेने थेट शासकीय रुग्णालय गाठावे.

पुराच्या पाण्यात उंदीर, कुत्री आणि जनावरे यांचे मूत्र मिसळलेले असते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या छोट्याशा चिरेतूनही शरीरात जातात. पाण्यात किंवा चिखलात वावर झाला असेल तर ७२ तासांच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. डॉक्टर प्रतिबंधक गोळी देतात. तिची मात्रा लहान मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी वेगळी असते, म्हणून शेजाऱ्याला दिलेली गोळी आपण घेऊ नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही तिथेच चौकशी करावी. पुढील महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर आपण पुराच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. दमा असलेली माणसे, वृद्ध आणि लहान मुले यांना या कामापासून दूर नातेवाइकांकडे ठेवणे हेच योग्य.

आधी नोंद, मग झाडू

घरातील एकही वस्तू हलवण्याआधी प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत. दारातून संपूर्ण खोली, मग चारही भिंती, मग एकेक मोठी वस्तू, असा क्रम ठेवला तर काही सुटत नाही. भिंतीवर पाण्याने उमटवलेली रेषा हा तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे, कारण पाणी किती चढले हे ती सांगते. तिच्या शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे. फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि मोटर यांच्या मागील पट्टीवरचे मॉडेल व क्रमांक चिखल पुसून टिपावेत. टाकून द्याव्या लागणाऱ्या वस्तूंची वहीत यादी करावी: वस्तू, कधी घेतली, अंदाजे किंमत, आणि काय झाले.

पंचनामा ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या पातळीवर होतो. शहरात महसूल आणि नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे कर्मचारी येतात. ते येण्याआधी घर साफ करणे आरोग्याच्या दृष्टीने अपरिहार्य असेल, तर छायाचित्रे आणि शेजारच्या दोघांच्या सह्या असलेली यादी हाताशी ठेवावी. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा. घर किती दिवस पाण्यात होते, ही नोंद त्यात अचूक असली पाहिजे, कारण मदतीचे निकष ठरवताना तिला महत्त्व येते. त्याची प्रत किंवा निदान छायाचित्र मागून घ्यावे. भाडेकरूंनी आपल्या सामानाचा पंचनामा घरमालकाच्या पंचनाम्यावर सोडू नये.

विमा असेल तर कंपनीला पहिल्याच दिवशी लेखी कळवावे आणि दाव्याचा क्रमांक घ्यावा. घराचा विमा आपल्याकडे फार थोडे लोक काढतात. मात्र गृहकर्ज घेतलेल्यांनी कागद तपासून पाहावेत, कारण बँकेने कर्जाबरोबर घराचा विमा उतरवलेला असतो आणि कर्जदाराला त्याची आठवणही नसते. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी सर्व सामान्य विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्या देतात आणि तिच्यात आगीबरोबर पुराचाही समावेश आहे. लहान दुकाने व कारखाने यांच्यासाठी याच धर्तीवर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. सर्वेक्षक येईपर्यंत खराब वस्तू टाकू नयेत, हे खरे असले तरी नुकसान वाढू न देणे हेही विमेदाराचेच कर्तव्य मानले जाते. त्यामुळे पाणी काढणे, चिखल उपसणे, वस्तू उचलून कोरड्या जागी ठेवणे ही कामे थांबवू नयेत. कुजणारी वस्तू टाकावीच लागली, तर गादीच्या कापडाचा, प्लायवुडचा एखादा तुकडा नमुन्यादाखल ठेवावा. पाण्यात बुडालेली मोटारगाडी किंवा दुचाकी ‘चालू होते का पाहू’ म्हणून सुरू करू नये. इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली तर आतील दांडे वाकतात, आणि हे नुकसान पुराचे नसून चालवणाऱ्याचे आहे असे म्हणायला कंपनीला जागा मिळते. गाडी ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी.

गाळ ओला असतानाच

कृष्णाकाठचा काळा गाळ वाळला की दगडासारखा धरतो आणि मग खुरप्याने खरवडताना फरशीचीच कड उडते. कोकणातील तांबडा चिखल तुलनेने सुटा असतो, पण त्याचा डाग चुन्याच्या भिंतीत कायमचा बसतो. दोन्ही ठिकाणी उपाय एकच: घरात पाणी घोट्याइतके उरले असतानाच, त्याच पाण्याने गाळ ढवळून खराट्याने बाहेर लोटायला सुरुवात करावी. पाणी पूर्ण ओसरेपर्यंत वाट पाहिली, तर तोच गाळ नंतर घमेल्याने उपसावा लागतो. धुताना वरून खाली यावे, आधी भिंत, मग खिडकीची कड, शेवटी जमीन. प्रेशर पंप मिळाला तर फरशीसाठी वापरावा, मात्र मातीच्या किंवा जुन्या चुन्याच्या भिंतीवर त्याचा मारा करू नये.

मोऱ्या, गटारे आणि संडासाचे भांडे यांत गाळ ढकलू नये. पुढे महिनाभर तुंबलेल्या मोरीचा त्रास सोसण्यापेक्षा चिखल घमेल्याने रस्त्याकडेला टाकणे परवडते. ज्या जागा नेहमी राहून जातात त्या अशा: ओट्याखालची पोकळी, किचन ट्रॉलीचा तळ, दाराच्या चौकटीचा पाया, न्हाणीघराच्या पाइपभोवतीचे छिद्र, फ्रीजच्या मागचा ट्रे, आणि पंख्याच्या रेग्युलेटरच्या आतली डबी. दुर्गंधी आठवड्यानंतरही जात नसेल तर गाळ यांपैकीच कुठेतरी आहे असे समजावे.

निर्जंतुकीकरण हे धुण्यानंतरचे काम आहे. चिखलावर ब्लीचिंग पावडर भुरभुरल्याने मनाला समाधान मिळते, पण क्लोरिन मातीतच संपून जातो. साबणाच्या पाण्याने पृष्ठभाग स्वच्छ केल्यावर दहा लिटरच्या बादलीत सुमारे ३५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर म्हणतात, कालवावी, अर्धा तास निवळू द्यावी आणि वरची निवळी फडक्याने लावून पंधरा मिनिटे ओली राहू द्यावी. उघड्या पोत्यातील जुनी पावडर निकामी झालेली असते. या द्रावणात ॲसिड, संडास साफ करण्याचे द्रव किंवा अमोनियायुक्त क्लीनर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू बाहेर पडतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. रेशीम, रंगीत कपडे, पॉलिश केलेले लाकूड आणि पितळ यांना हे द्रावण लावू नये.

ठेवावे की टाकावे

इथे मन घट्ट करावे लागते, आणि ते अवघड असते, कारण सामानातली प्रत्येक वस्तू कष्टाने घेतलेली असते. कसोटी एवढीच आहे: वस्तूने पाणी आत शोषले आहे का आणि तिला उकळता किंवा पूर्ण धुता येते का. स्टील, पितळ, तांबे, काच आणि चिनी माती यांची भांडी साबणाने घासून उकळत्या पाण्यात बुडवली की वापरता येतात. पाटा-वरवंटा आणि जाते खरखरीत ब्रशने घासून, उकळते पाणी ओतून, कडक उन्हात दोन-तीन दिवस ठेवावे. लाकडी पोळपाट, लाटणे, रवी आणि तडे गेलेली प्लास्टिकची भांडी टाकावीत. लोणच्याच्या बरण्यांना झाकण घट्ट असले तरी फिरकीच्या झाकणातून आणि फडक्याखालून पाणी आत जाते, म्हणून बरणी पाण्यात गेली असेल तर आतील लोणचे ठेवू नये. ओले धान्य, पीठ, मसाले आणि औषधे टाकून द्यावीत. भिजलेले गहू वाळवून दळले तरी त्यात बुरशीचे विष राहू शकते, आणि ते जनावरांनाही घालू नयेत. भिजून काळपट पडलेल्या वैरणीलाही हेच लागू आहे.

कापसाच्या गाद्या, उशा आणि फोमचे सोफे वाचत नाहीत. प्लायवुड आणि पार्टिकल बोर्डचे कपाट वरून बरे दिसले तरी त्याचे थर सुटतात, मात्र सागवानी पलंग, शिसवी कपाट, जुन्या चौकटी हमखास वाचवता येतात. त्या पाण्याने धुवाव्यात, खण काढून ठेवावेत आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी, विटांवर उभ्या ठेवाव्यात. उन्हात ठेवले तर वरचा भाग आधी आकसतो आणि फळी वाकते किंवा तडकते. फुगलेला खण समोरून ओढू नये. कपाटाची मागची फळी काढून तो मागून ढकलावा. पैठणी किंवा इतर रेशमी वस्त्रे पिळू नयेत, ढिगात ठेवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यातून माती जाईपर्यंत काढून सावलीत पसरावीत. इचलकरंजीसारख्या गावांत यंत्रमागाच्या मोटारी आणि बेअरिंगे बुडतात. त्यांवर आधी गोड्या पाण्याचा फवारा मारून चिखल काढावा, वाळवून तेल सोडावे, आणि रिवाइंडिंग करणाऱ्याकडून मेगरची (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राची) तपासणी झाल्याखेरीज वीज जोडू नये.

कागदांसाठी वेळ फार थोडा असतो, कारण ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. स्वच्छ पाण्यातून हलकेच चिखल काढून, पानांच्या मध्ये टिपकागद किंवा छपाई नसलेला कोरा कागद घालून, सावलीत पंख्याखाली ठेवावे आणि कागद वरचेवर बदलावेत. एकाच वेळी सगळे वाळवणे शक्य नसेल तर वह्या आणि दस्तऐवज प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून पूर न आलेल्या भागातील एखाद्या नातेवाइकाच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवावेत. गोठल्यावर बुरशी थांबते आणि पुढे सवडीने एकेक बाहेर काढून वाळवता येतात. लग्नाच्या अल्बममधील छायाचित्रे एकमेकांना चिकटून वाळली तर ती पुन्हा सुटत नाहीत, म्हणून ती ओलीच असताना थंड स्वच्छ पाण्यात सोडवून दोरीला चिमट्याने टांगावीत. काचेला चिकटलेला आजोबांचा फोटो फ्रेममधून खेचू नये. काचेसकट त्याचे छायाचित्र काढून घ्यावे आणि मग जाणकाराला दाखवावा.

सातबारा, फेरफार आणि नोंदणीकृत दस्त यांच्या प्रती शासनाकडून परत मिळतात, आधारही पुन्हा छापून मिळते, त्यामुळे वेळ कमी असेल तर आधी जे पुन्हा मिळणार नाही त्याला हात घालावा: हस्तलिखिते, पत्रे, छायाचित्रे, कुलवृत्तांत. भिजलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेत बदलून मिळतात. चिकटलेला गठ्ठा जबरदस्तीने सोडवू नये.

विहीर आणि टाकी

पुराचे पाणी विहिरीत गेले असेल तर ती आधी उपसावी, तळाचा गाळ काढावा, मग क्लोरिन घालावा. विहिरीतील पाणी लिटरमध्ये काढण्यासाठी व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली आणि ३.१४ यांचा गुणाकार करून चारने भागावे व हजाराने गुणावे; मापे मीटरमध्ये घ्यावीत. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर होते. हजार लिटरला २.५ ग्रॅम टीसीएल या नेहमीच्या प्रमाणाने ७० ग्रॅम लागेल, परंतु पुरानंतरच्या गढूळ पाण्यात ते पुरत नाही. म्हणून आरोग्य सेवकाकडून ओटी टेस्ट करून घ्यावी आणि एका तासानंतरही पाण्यात क्लोरिन उरल्याचा पिवळा रंग येईपर्यंत मात्रा वाढवावी. पावडर थेट विहिरीत न टाकता बादलीत कालवून, निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन, ती पाण्यात खाली सोडून हलवावी. पिण्याचे पाणी तरीही उकळूनच घ्यावे. जमिनीखालच्या टाकीत पूर शिरला असेल तर तिचे पाणी गच्चीवरील टाकीत चढवू नये, नाहीतर धुण्याच्या टाक्या दोन होतात.

वाळवण

घर धुऊन झाले की माणसे थकलेली असतात आणि काम संपले असे वाटते. खरे काम इथून सुरू होते. भिंतीत मुरलेले पाणी खालीच राहत नाही. विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून ते पुराच्या रेषेच्या वर फूट-दोन फूट चढते. त्यामुळे रेषेच्या वर भिंत कोरडी आहे असे गृहीत धरू नये. गिलाव्यावर नाण्याने ठोकून पाहावे आणि जिथे पोकळ आवाज येईल तिथला गिलावा उतरवावा, कारण तो विटेला धरून राहिलेला नसतो आणि त्याच्या मागे ओल कोंडलेली असते. पाणी आठवडाभर राहिलेल्या घरात मी तर असे म्हणेन की, ऑइल पेंट, प्लास्टिक इमल्शन, टाइल्सची डॅडो (भिंतीच्या खालच्या भागावरचा पट्टा), लाकडी पॅनेलिंग, जे जे भिंतीचा श्वास कोंडते ते रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाकावे. खर्च वाढतो, मन तयार होत नाही, परंतु झाकलेली ओल वर्षानुवर्षे जात नाही. जिप्समच्या फळ्यांच्या भिंती असतील तर त्या तेवढ्या उंचीपर्यंत कापाव्याच लागतात.

भिंतीपासून सर्व सामान किमान फूटभर दूर ठेवावे. कपाटांची दारे उघडी ठेवावीत. बाहेर पाऊस नसेल आणि हवा मोकळी असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा आरपार जाऊ द्यावा, आणि मुसळधार पावसात त्या बंद कराव्यात, कारण दमट हवा आत घेऊन भिंत वाळत नाही. वीज सुरक्षित झाल्यावर टेबलफॅन भिंतीच्या दिशेने, जमिनीलगत ठेवावा. छताच्या पंख्याचा वारा खालच्या कोपऱ्यांत पोहोचत नाही. कोकणात श्रावणाअखेरपर्यंत हवा इतकी ओली असते की खिडक्या उघडून काहीच साधत नाही. तिथे एक खोली बंद करून भाड्याचा डिह्युमिडिफायर आळीपाळीने चालवणे, किंवा पितृपक्षानंतरच्या उन्हाची वाट पाहणे, हे दोनच मार्ग उरतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून घर शेकण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. जनरेटरही घरात किंवा ओसरीवर चालवू नये.

बुरशी दिसली, काळी, हिरवी किंवा पांढरी, तर ती कोरड्या झाडूने झाडू नये, तिचे कण हवेत पसरतात. मास्क लावून ओल्या फडक्याने साबणाच्या पाण्याने पुसावी, मग वर सांगितलेली निवळी लावावी, आणि भिंत पुन्हा वाळू द्यावी. ओल कायम असेल तर बुरशी आठवड्यात परत येते, आणि अशा वेळी पुसत राहण्यापेक्षा पाणी कुठून येते ते शोधावे. भिंत वाळू लागली की तिच्यावर पांढरी पावडर उमटते, तिला लोणा म्हणतात. तो आतील क्षार बाहेर येत असल्याची, म्हणजे वाळवण चालू असल्याची खूण आहे. कोरड्या ब्रशने तो झाडून बाहेर टाकावा. पाण्याने धुतला तर तो पुन्हा भिंतीत जातो.

रंग कधी द्यावा, याचे उत्तर कॅलेंडरवर नसून भिंतीपाशी आहे. दीड फूट लांब-रुंद जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावावा आणि चोवीस तासांनी पाहावे. आतून थेंब जमले किंवा खालचा भाग गडद दिसला तर भिंत ओली आहे. जमिनीपासून एक फूट, तीन फूट आणि पुराच्या रेषेच्या वर अशा तीन ठिकाणी ही परीक्षा घ्यावी आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा करावी. नऊ इंची विटेची भिंत आठवडाभर पाण्यात राहिली असेल तर ती दिवाळीपर्यंत वाळणे कठीण असते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे लागले तरी थांबावे. सणासाठी घर उजळायचेच असेल तर चुन्याची सफेदी करावी. ती ओल अडवत नाही, स्वस्त आहे, आणि बुरशीलाही आळा घालते. त्या एका हाताने घर सणाला शोभते आणि भिंतीचेही नुकसान होत नाही.

वीज जोडताना

लपवलेल्या वायरिंगच्या पाइपांत पाणी साठून राहते, आणि बोर्ड वरून कोरडा दिसला तरी आतील सांध्यांत गाळ असतो. बुडालेले सर्व बोर्ड उघडावेत, स्विच, सॉकेट आणि एमसीबी नवे बसवावेत, वायरी ओढून पाइप मोकळे करून वाळू द्यावेत. परवानाधारक वायरमनकडून इन्सुलेशन आणि अर्थिंग तपासून घ्यावे आणि आरसीसीबी नसेल तर या निमित्ताने बसवून घ्यावी. ओल्या भिंतीतून गळणारा प्रवाह ती क्षणात तोडते. फ्रीज आणि वॉशिंग मशीन कंपनीच्या तंत्रज्ञाने उघडून पाहिल्याशिवाय सुरू करू नयेत.

नवे बोर्ड बसवण्याआधी, आणि रंगाखाली पुराची रेषा कायमची झाकली जाण्याआधी, ती मोजून दाराच्या चौकटीच्या आतील बाजूला खिळ्याने कोरून ठेवावी आणि शेजारी साल लिहावे. सॉकेट, मीटर आणि इन्व्हर्टरचा कट्टा त्या खुणेच्या हातभर वर घ्यावा, खालच्या मजल्याचे सर्किट वरच्या मजल्यापासून वेगळ्या एमसीबीवर जोडावे, आणि कागदांची पेटी माळ्यावर चढवावी.